एका दोस्ताचं विचारायचं होतं

कोरा पेपर तपासायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, हे शिवरंजनीला शिकवायला लागल्यावर कळलं. भरलेल्या पेपरात चुका शोधायच्या असतात. कोऱ्या पेपरात काय शोधायचं, इथूनच सुरुवात करावी लागते. बारावीतल्या शंभूचा भौतिकशास्त्राच्या चाचणीचा पेपर तिनं उलटापालटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. डावीकडं पट्टीनं आखलेला समास. आणि समासाच्या उजवीकडं शुभ्र, निष्कलंक कागद.

आता हा मुलगा ढ असता तर प्रश्नच नव्हता. पण प्रॅक्टिकलला हाच शंभू सर्किट जोडायच्या आधी रीडिंग काय येणार ते सांगायचा, आणि ते तेवढंच यायचं. पेपर हातात पडला की मात्र त्याच्या हातांना घाम सुटायचा आणि वेळ संपेपर्यंत तो पेनाचं टोपण घालत-काढत बसायचा. निरीक्षण आणि निष्कर्ष यांची मिसळ होऊ द्यायची नाही, ही सवय शिवरंजनीला एमएस्सीला लागली होती. निरीक्षण एक: पोराला येतं. निरीक्षण दोन: पेपर कोरा. निष्कर्ष: पोराशी कुणीतरी बोललं पाहिजे.

हे 'कुणीतरी' आपणच, याबद्दल तिला शंका नव्हती. कळंबच्या या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची, आणि तिच्याकडं समुपदेशनाची पदविकाही होती. लोहाऱ्याला तिच्या घरी ही पदविका शिवणकामाच्या कोर्ससारखी धरली जायची. असू द्यावी, कुठं खायला मागते. तिनं शंभूला जिन्यात गाठलं.

"काय न्हाय मॅडम, अभ्यास झाला नव्हता," असं तो म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवसापासून ती समोरून दिसली की तो पूर्ण कॉलेजला वळसा घालून वर्गात पोचायचा.

घाई होती, कारण शंभूचा बाप. शंकरप्पाचं बाजारात आडतीचं दुकान. त्यानं घरात जाहीर केलं होतं की सराव परीक्षेलाही पोरानं कोरा पेपर दिला तर बोर्डाला बसायचं नाही, सरळ दुकानात काट्यावर उभं राहायचं. ही बातमी शिपाई रामकिसननं आणली. रामकिसनला गावातल्या बातम्या घडायच्या जरा आधीच कळत.

शिवरंजनी प्राचार्यांकडं गेली. बिराजदार सरांचा स्वभाव उदार होता, फक्त त्यात खर्च नसावा. फी ऑनलाइन झाल्यापासून फीची जुनी खोली रिकामी होती. रिकामी म्हणजे आत क्रिकेटचं सामान, शर्यतीचे मोडके अडथळे आणि स्नेहसंमेलनातलं पुठ्ठ्याचं सिंहासन होतं. "घ्या ती खोली," सर म्हणाले, "पण सिंहासन हलवू नका, त्याचा पाय निघतो."

पाटी रामकिसननं रंगवली. त्यानं 'समूपदेशन' लिहिलं होतं. शिवरंजनीनं 'मु' ऱ्हस्व करायला लावला.

"मॅडम," ब्रश धुताना रामकिसन म्हणाला, "ऱ्हस्व केल्यानं पोरं येतेल का?"

पोरं आली नाहीत. पहिल्या दिवशी आले ते हेल्मेट काखेत मारलेले एक प्राथमिक शिक्षक. ते खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "पहिला राउंड कधी आहे?"

"कसला राउंड?"

"समुपदेशनाचा. रिक्त जागांची यादी लागली का? आपल्याला येरमाळा मिळालं तर बरं. हायवेला आहे."

शिवरंजनीच्या तेव्हा लक्षात आलं की तिच्या या नाजूक, अभ्यासपूर्ण शब्दावर गावात आधीच लोक राहायला आलेले आहेत. मास्तर लोकांसाठी समुपदेशन म्हणजे बदली. तिनं त्यांना शांतपणे फरक समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि उठताना म्हणाले, "ओळखीवाल्यांना बरोबर सांगता तुम्ही लोक."

दुसऱ्या दिवशी आलं ते म्हातारं जोडपं. त्यांची सून माहेरी गेली होती आणि असली भांडणं पोलीस 'समुपदेशन' करून मिटवतात हे त्यांनी ऐकलं होतं. शिवरंजनी पोलीस नाही याची खात्री पटायला त्यांना बराच वेळ लागला. आपण पोलीस वाटावं असं आपल्यात काय आहे, हे तिनं संध्याकाळी आरशात पाहिलं. पण खरा घाव तिसऱ्या दिवशी बसला. एक बाई डोळ्याला पदर लावूनच दारात उभी राहिली.

"बाई, खरं काय ते सांगा. माझ्या पोराचा रिपोट काय आला?"

"कसला रिपोर्ट?"

"रगताचा. पोरगं तुमच्या खोलीतून भाईर येताना लोकांनी बघितलंय."

सरकारी दवाखान्यात याच शब्दाची पाटी आहे, आणि तिथं रक्त तपासतात. कशासाठी तपासतात ते कळंबमधे मोठ्यानं कुणी म्हणत नाही, हळू मात्र सगळे म्हणतात.

"काकू, तो बॅट मागायला आला होता."

"कशाची बॅट?"

"क्रिकेटची. खेळायची बॅट. ती बघा, तिथं ठेवलीय."

बाईनं बॅट पाहिली, शिवरंजनीला पाहिलं आणि पुन्हा बॅट पाहिली. शास्त्रीय पुरावा समोर असूनही लोक गृहीतक सोडत नाहीत, याचं एवढं स्वच्छ उदाहरण शिवरंजनीनं पुस्तकातही वाचलं नव्हतं. त्यानंतर मुलं त्या खोलीसमोरून जाताना व्हरांड्याच्या कठड्याला घासून जाऊ लागली.

घरमालकीण कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "नाव बदल पाटीचं. आमच्या नणंदेच्या पोरीला स्थळं येत नव्हती. नाव बदललं, लगेच लायनी लागल्या."

"मावशी, हे काही स्थळ नाही."

"लोक यावं वाटतंय का न्हाय? मग सारखंच."

त्यात तर्कदोष होता, पण नेमका कुठं ते शिवरंजनीला सापडेना. दुसऱ्या दिवशी पाटी झाली 'मार्गदर्शन कक्ष'.

आणि लायनी लागल्या. दार उघडायच्या आधी रांग, रांगेत ढकलाढकली. एका निरीक्षणावरून शिवरंजनी हुरळून गेली. ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही करू नये. रांगेतला पहिला मुलगा आत आला, सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, भरती कवा निघणार?"

मार्गदर्शन म्हणजे पोलीस भरती, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिला तेवढंच माहीत नव्हतं. तरी तिनं त्यांना परत पाठवलं असतं, पण एका मुलानं विचारलं, "शेवटच्या फेरीला पोटऱ्या भरून येतेत, त्याचं विज्ञानात काय असतंय?" आता हा रास्त प्रश्न होता. रास्त प्रश्न अर्धवट सोडणं तिला आयुष्यात जमलेलं नव्हतं. ती मैदानावर गेली, कोण सुरुवातीला किती जोर लावतो ते स्टॉपवॉचनं मोजलं, आलेख काढले. पोरांचा वेग खरोखर सुधारला. आठवड्याभरात गावात मॅडमचं पोलिसात होणार अशी वार्ता पसरली आणि कमलबाईनं तिला विचारलं, "टोपी तुझ्याच मापाची देतेत का सगळ्यांची एकच?"

शंभू या सगळ्यात कुठंच नव्हता.

आता बिराजदार सरांनी स्वतः लक्ष घातलं, आणि इथून प्रकरण हाताबाहेर गेलं. त्यांनी पाटी पुन्हा 'समुपदेशन' करायला लावली आणि सूचना काढली: प्रत्येक वर्गशिक्षकानं रोज दोन विद्यार्थी समुपदेशनास पाठवणे बंधनकारक. वर्गशिक्षकांनी साहजिकच जे नकोसे झाले होते ते पाठवले. मुलं दारात यायची आणि न सांगता हात पुढं करायची. एकानं तर आत येताच विचारलं, "किती उठाबशा, मॅडम?" पुढच्या आठवड्यात ती वडाप जीपमधे बसली होती. ड्रायव्हर शेजारच्याला सांगत होता, "लई बोलायला लागला म्हणून काल त्याचं चांगलं समुपदेशन केलं. एक दात हालायलाय." पदविकेला शिकवणाऱ्या मॅडमांची आठवण येऊन शिवरंजनीला जीपमधेच घाम फुटला.

या सक्तीनं एक झालं, शंभू आत आला. सिंहासनाशेजारच्या स्टुलावर पाठ ताठ करून बसला.

"झोप लागते का?"

"व्हय मॅडम."

"जेवण जातं?"

"व्हय मॅडम."

"काही त्रास?"

"न्हाय मॅडम."

"मग पेपर कोरा का राहतो?"

शंभूनं सिंहासनाच्या निघालेल्या पायाकडं पाहिलं. मग खाली मान घालूनच म्हणाला, "मॅडम, जाऊ का? दारातून पोरं बघायलेत."

सराव परीक्षेत सगळे पेपर कोरे. नाव मोत्यासारखं.

शंकरप्पा कॉलेजात आला. धिप्पाड माणूस, खांद्यावर उपरणं, कपाळावर भस्माचे पट्टे. प्राचार्यांसमोर बसून तो शांतपणे बोलला, आणि आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं असं शिवरंजनीला वाटलं.

"सर, त्याचं हॉलतिकीट तुमच्यापाशीच राहू द्या. बोर्डात कोरा पेपर दिऊन गावाला हसायला कारण नको. दुकानात बसंल."

"हॉलतिकीट विद्यार्थ्याचं असतं," शिवरंजनी म्हणाली. "त्याला बसायचंय की नाही हे त्यानं सांगितलंय का?"

"त्यो बोलतोय का? तुमच्याशी बोलला का? जाऊन आला की तुमच्या त्या खोलीत. काय फरक पडला?"

नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो, असं तिला विद्यापीठात शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांना शंकरप्पा भेटला नसावा. तिचे कान गरम झाले, पण आवाज तिनं प्रयोगशाळेतला ठेवला. "बोर्डाच्या परीक्षेपर्यंत थांबा. हॉलतिकीट देणार की नाही ते तेव्हा बोलू."

"तवर काय करनार?"

"प्रयत्न," ती म्हणाली. शंकरप्पानं उपरणं झटकलं. नाही मात्र म्हणाला नाही.

शनिवारी ती लोहाऱ्याला जायला स्टँडवर आली. गाडीला वेळ होता. समोर चौकशीची खिडकी, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून ती खिडकीकडं पाहत बसली. वेळापत्रक भिंतीवर ठळक लिहिलेलं होतं, तरी माणसं येत होती, खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकत होती, निवांत विचारत होती. कुणी लाजत नव्हतं. जीपमधून उतरून कॉलेजच्या फाटकातसुद्धा बिचकणारी माणसं इथं खिडकीत मान घालून बोलत होती. मग एक पिशवीवाला गडी आला.

"सायेब, आमच्या एका पाव्हण्याला लातूरला जायचंय. गाडी कवा हाय?"

"लागलीय बघा. तीन नंबर."

पिशवीवाला गडी तीन नंबरला गेला आणि स्वतःच गाडीत बसला.

शिवरंजनीची गाडी लागली, सुटली, तिला कळलं नाही. दारातून आत जाणं म्हणजे कुणीतरी बोलावलेलं असणं: प्राचार्य, डॉक्टर, फौजदार. खिडकीशी उभं राहणं म्हणजे जाता जाता. शिवाय कळंब तालुक्यात माणूस स्वतःचं काही विचारत नाही. विचारतो ते पाव्हण्याचं. तिनं इतके दिवस पाट्या बदलल्या होत्या. बदलायला हवं होतं ते दार. फीच्या खोलीला, अर्थातच, व्हरांड्यात उघडणारी फी घेण्याची खिडकी होती.

सोमवारी दार बंद झालं, आत खिडकीपाशी खुर्ची लागली, आणि खिडकीवर रामकिसननं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'चौकशी'.

चौकशी म्हणजे विचारपूस, हे शिवरंजनीच्या डोक्यात होतं. कॉलेजच्या डोक्यात मात्र चौकशी ही 'लागते', 'बसते' आणि कुणाला तरी घेऊन जाते. पहिला तास संपायच्या आत स्टाफरूममधे कुजबुज सुरू झाली की वरून चौकशी आलीय, आणि ती मॅडमकडं दिलीय, म्हणजे मॅडम आधीपासूनच वरच्या असणार. उगाच का पोलिसांबरोबर पळत होत्या.

खिडकीशी पहिला आला तो प्रयोगशाळा परिचर वीरप्पा. त्यानं डावीकडं-उजवीकडं पाहिलं आणि कठड्याला घट्ट धरलं.

"मॅडम, आपल्या लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर… त्ये घरी न्हेलतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला. आठ-धा दिवसाला एक बाटली. पर मॅडम, बॅटरी लई चांगली चालायली बघा."

"वीरप्पा, ही तसली चौकशी नाही."

"मग कसली?"

"तुमची. तुम्ही कसे आहात, काही त्रास आहे का, असली."

वीरप्पानं कठडा सोडला. "मी बरा हाय," म्हणाला. मग, जाता जाता, "बायकोचं गुडघं दुखतेत," एवढं सांगून गेला.

दुपारी स्वतः बिराजदार सर आले. आधी ते पाटीवरच बोलले. चौकशी हा शब्द शासकीय आहे, तो असा भिंतीवर लिहिता येत नाही, उद्या खरोखर कुणी चौकशीला आलं तर ते कुठं बसणार. शिवरंजनी ऐकत होती. बोलता बोलता त्यांचं कोपर कठड्यावर टेकलं. कोपर टेकल्यावर आवाज उतरला.

"आणि शिवरंजनी, एक विचारायचं होतं. आमच्या ओळखीचे एक प्राचार्य आहेत."

"हं."

"निवृत्ती जवळ आली की पहाटे जाग येते त्यांना. छातीत धडधडतं. ईसीजी चांगला आहे. तर असं होतं का?"

"होतं, सर. बऱ्याच प्राचार्यांना होतं."

"असं?" सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या प्राचार्यांनी काय करावं, यावर दोघं बराच वेळ बोलले. पाटी राहिली. तिच्याखाली बारीक अक्षरात 'फक्त विद्यार्थ्यांसाठी' एवढं लिहायला मात्र सरांनी लावलं, कारण नियम तो नियम.

आणि मग दोस्त येऊ लागले. कळंब तालुक्यात एवढे दोस्त आणि मैत्रिणी असतील आणि त्या सगळ्यांना एवढ्या अडचणी असतील, अशी शिवरंजनीला कल्पना नव्हती. एका दोस्ताला घरी आवाज चढला की पोटात दुखायचं. एकीच्या मैत्रिणीला हॉस्टेलवर कुणी जेवायला बोलवत नव्हतं. एका मुलानं तर एकाच दोस्ताचं दोनदा विचारलं आणि दुसऱ्या खेपेला दोस्ताचं वय बदललं. शिवरंजनीला विसंगती दिसली की दुरुस्त करायचा जुना आजार. इथं ती जिभेला चावा घेऊन गप्प बसली. फार गंभीर दोस्त असेल तर ती म्हणायची, "त्याला घेऊन ये, आपण तिघं मोठ्या डॉक्टरांकडं जाऊ," आणि दोनदा दोस्त खरोखर आला, एकटाच आला.

शंभू आला तेव्हा व्हरांड्यात कुणी नव्हतं. पाठीला सॅक, अंग अर्धं जिन्याकडं वळलेलं.

"मॅडम, एका दोस्ताचं विचारायचं होतं."

शिवरंजनीनं समोरचा पेनस्टँड सरळ केला. "विचार ना."

"दोस्ताला सगळं येतंय. पेपर हातात आला की काहीच येत न्हाय. म्हंजे येतंय, पर लिहायला गेलं की वाटतंय, चुकलं तर."

"चुकलं तर काय होईल, असं दोस्ताला वाटतं?"

शंभूनं सॅकचा पट्टा घट्ट केला. मग म्हणाला, "दोस्ताचा फोटो लावलाय, मॅडम. बाजाराच्या कोपऱ्यावर. दहावीला तालुक्यात पहिला आला तवाचा फ्लेक्स. 'भावी डॉक्टर' लिहिलंय त्याच्यावर. रोज त्याच्याखालून यावं लागतंय."

हा फ्लेक्स अख्ख्या कळंबनं पाहिलेला होता. शुभेच्छुकांचे चेहरे भावी डॉक्टरपेक्षा मोठे, आणि एक उन्हाळा, दोन पावसाळे खाऊन भावी डॉक्टर निळसर पडलेला. शिवरंजनीही रोज त्याखालून जायची. तिनं चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

"दोस्ताला सांग, उद्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहून आण म्हणावं. सगळी चूक पाहिजेत."

"चूक?"

"साफ चूक. एक जरी बरोबर निघालं तर परत लिहायला लावीन."

शंभूनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं खिडकीतून कागद सरकवला. कागद भरलेला होता. ओहमचा नियम इतका नेमका उलटा लिहिला होता की तो येत असल्याशिवाय तसा लिहिताच आला नसता. न्यूटनचा तिसरा नियम असा होता: 'प्रत्येक क्रियेला शुभेच्छुकांकडून तिच्यापेक्षा मोठी प्रतिक्रिया मिळते.' शिवरंजनी खिडकीत मान खाली घालून हसली, आणि पलीकडून दोस्ताच्या वतीनं शंभूही हसला.

मग दोस्त रोज लिहू लागला. आधी सगळं चूक, मग निम्मं चूक. मग घड्याळ लावून, सुरुवातीला पेपर न वाचता श्वास सावकाश सोडून, आधी सोपं, मग जमेल ते. मधे एक दिवस तो पुन्हा कोरा कागद घेऊन आला. "चालतं," ती म्हणाली. "दोस्ताला सांग, उद्या परत."

आणि एका संध्याकाळी, कॉलेज सुटल्यावर, खिडकीशी शंकरप्पा उभा राहिला. एवढा मोठा माणूस त्या छोट्या खिडकीपुढं वाकला तेव्हा आतला उजेडच गेला.

"मॅडम, आमचे एक पाव्हणे हायत. लोहाऱ्याकडचे."

"लोहाऱ्यात कुठले? मी लोहाऱ्याचीच."

शंकरप्पा अडखळला. "लोहाऱ्याच्या जरा अलीकडं." मग त्यानं घाईनं सुरू केलं. "त्यांचं पोरगं हाय. हुशार हाय. रातचं उठून बसतंय. बाप बी उठून बसतोय. दोघंबी बोलत न्हायीत. बापाला वाटतंय आपुन काय कमी केलं? पोरगं पहिलं आलं तवा बाजारात एवढा मोठा फोटो लावला. पाव्हण्यानं आता काय करावं?"

तिला एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. पण या खिडकीतलं त्या खिडकीत सांगायचं नाही, हा पदविकेतला पहिला धडा होता. शिवाय ही खिडकी एकच होती, त्यामुळं जास्तच जपायला हवं होतं.

"फोटो अभिमानानं लावला ना पाव्हण्यांनी?"

"मग."

"अभिमान घरात ठेवायला सांगा. उन्हापावसात खराब होतो. आणि पोराला बोर्डाला बसू द्या म्हणावं. निकाल काय येईल ते मी सांगू शकत नाही."

शंकरप्पानं मान हलवली, पण हलला नाही.

"आणि पेपर सुटला की 'कसा गेला' असं विचारायचं नाही."

"मग काय इचारायचं?" तो खरोखर गोंधळला होता. "पोराला दुसरं काय इचारतेत?"

"भूक लागली का, ते."

दोन दिवसांनी शंभू खिडकीशी आला. "मॅडम, दोस्ताचा फोटो काढला."

"असं?"

"तुरीच्या पोत्यांवर झाकायला टाकलाय. उलटा." आणि जरा थांबून, "हॉलतिकीट बी घे म्हणालेत."

भौतिकशास्त्राच्या पेपरच्या दिवशी परीक्षा केंद्रावर जायचं नाही, असं शिवरंजनीनं ठरवलं होतं. समुपदेशकानं मागं मागं फिरू नये. पण त्याच रस्त्याला कुकरची रिंग मिळणारं एक दुकान होतं, आणि कमलबाईच्या कुकरची रिंग सैल झाल्यासारखी तिला सकाळपासून वाटत होती. दुकानापुढच्या रसवंतीत एक माणूस तोंडासमोर बातम्यांचा पेपर उघडून बसला होता. पेपर उलटा नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल, पण पान तो बराच वेळ उलटत नव्हता. पेपरच्या वरून भस्माचे पट्टे दिसत होते.

"मी जरा कामानं आलतो," शंकरप्पा म्हणाला.

"मी पण," शिवरंजनी म्हणाली आणि त्याच बाकावर टेकली.

घंटा झाली. फाटकातून मुलं बाहेर पडायला लागली: पेपर उडवत, उत्तरं जुळवत, आयांच्या हातून पाण्याच्या बाटल्या घेत. गर्दी वाढली, मग विरळ झाली, मग नुसते शिक्षक येऊ लागले. शंभू नव्हता.

"मधीच उठून गेला न्हाय ना?" शंकरप्पानं विचारलं. पेपर त्यानं आता गोल गुंडाळून दोन्ही हातांनी पिळला होता.

शंभू सगळ्यात शेवटी आला. शर्ट पाठीला चिकटलेला, उजव्या हाताची बोटं शाईनं निळी. बापाला आणि मॅडमला एकाच बाकावर पाहून तो रस्त्यातच थांबला. शंकरप्पा उठला. त्याचं तोंड उघडलं, "पे" एवढं बाहेर आलं, आणि त्यानं ते आत ओढून घेतलं.

"भूक लागली का?"

"लई," शंभू म्हणाला. बोटं शर्टाला पुसत तो मॅडमकडं न बघता पुढं म्हणाला, "पुरवणी घ्यावी लागली. दोन." आणि तो रसवाल्याकडं वळला.

शंकरप्पानं हातातल्या पिळलेल्या पेपरकडं पाहिलं. पुरवणी त्याला माहीत होती ती रविवारची, रंगीत. तो शिवरंजनीकडं वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "पुरवणी म्हंजे काही दंड-बिंड असतो का?"

"नाही," शिवरंजनी म्हणाली. "दिलेला कागद त्याला लिहायला पुरला नाही. मागून घ्यावा लागला."

शंकरप्पा खाली बसला. रसाचा चरक फिरत होता, त्याच्या घुंगरांचा आवाज होता, ऐकू आलं नसेल असं वाटायला जागा होती.

"परत सांगा," तो म्हणाला.

शिवरंजनीनं परत सांगितलं. या खेपेला वर्गात व्याख्या लिहून देताना सांगतात तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. शंकरप्पाचे ओठ तिच्या मागून हलत होते.